घास एकाच बाजूला, कानासमोर दुखणे आणि जबड्याचा कटकट आवाज : वारंवार परतणाऱ्या त्रासाचे मूळ कसे शोधावे

भाकरीचा कडक काठ, भाजलेले शेंगदाणे किंवा चिवट मांस चावताना कानासमोर दुखते. तोंड मोठे उघडले की ‘कट्’ असा आवाज येतो. गालाची आतली बाजू ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा दाताखाली सापडते. घास दुसऱ्या बाजूला घेतला, तर दात नीट बसत नाहीत असे वाटते आणि तो आपोआप नेहमीच्या बाजूला परत येतो. दोन-चार दिवस वेदनाशामक गोळी घेतली आणि मऊ वरणभात खाल्ला की त्रास उतरतो. नेहमीचे जेवण सुरू झाले की काही आठवड्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो. दातांच्या दवाखान्यात ही तक्रार नित्याची आहे आणि तिच्याबाबत दोन टोकाच्या चुका होताना मी पाहतो. एक म्हणजे ‘सवयीचे आहे’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणे. दुसरी म्हणजे दातांची ठेवण वाकडी दिसली की तिलाच दोषी ठरवून दात घासून कमी करणे किंवा लगेच तारा बसवणे. ठेवण बिघडली की चावताना जबडा फिरण्याचा मार्ग बदलतो, हे निश्चित आहे. मात्र जबड्याच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ ठेवणीत नसते आणि काही रुग्णांमध्ये तर सांध्यातील बिघाडामुळेच ठेवण बदललेली असते. म्हणून उपचाराआधी कारण आणि परिणाम यांचा क्रम लावून घेणे आवश्यक आहे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

चावताना जबडा कसा फिरतो

जबडा बिजागरीसारखा फक्त वर-खाली होतो, ही समजूत अपुरी आहे. कानाच्या लगेच पुढे दोन्ही बाजूंना असलेला जबड्याचा सांधा आधी फिरतो आणि तोंड अधिक उघडताना पुढे व खाली घसरतो. खालच्या जबड्याचे गोलसर टोक आणि कवटीतील खाच यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. ही चकती आपल्या जागेवरून पुढे सरकलेली असेल, तर तोंड उघडताना जबड्याचे टोक तिच्यावर चढते आणि त्या क्षणी ‘कट्’ आवाज येतो.

उजव्या बाजूने चावताना समोरून पाहिले, तर हनुवटी खाली जाते, किंचित उजवीकडे झुकते आणि मग वर येत मध्याकडे परतते. हा मार्ग साधारण पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा असतो आणि असे एक आवर्तन सुमारे एका सेकंदात पूर्ण होते. शेवटच्या टप्प्यात खालच्या दाढांचे उंचवटे वरच्या दाढांच्या उतारावरून घसरत खाचांमध्ये बसतात आणि अन्न दळले जाते ते याच घसरण्यात. या वेळी उजवा सांधा जवळजवळ जागच्या जागी फिरतो, तर डाव्या सांध्याचे टोक पुढे, खाली आणि आत सरकलेले असते.

याचा एक परिणाम पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. घास ज्या बाजूला असतो, तिच्या विरुद्ध बाजूच्या सांध्यावर सहसा अधिक दाब येतो. त्यामुळे डावा सांधा दुखत असलेला माणूस डावीकडूनच चावताना दिसला, तर ते विसंगत नाही. डाव्या सांध्याचा भार कमी करण्याची ती त्याच्या शरीराने शोधलेली युक्ती असू शकते. ‘दुखते त्या बाजूने चावू नका’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. तो दुखऱ्या दाताला लागू पडतो, दुखऱ्या सांध्याला नेहमी लागू पडत नाही.

हा मार्ग प्रत्येक घासाला विचार करून ठरत नाही. चावण्याची लय मेंदूच्या खालच्या भागातून चालते आणि दाताच्या मुळाभोवतालच्या तंतूंमधील संवेदना तिला क्षणोक्षणी दुरुस्त करत असतात. दातांमध्ये केसाएवढी जाड वस्तू आली तरी ती जाणवते, हा अनुभव प्रत्येकाला असतो. एखादा दात वेळेआधी लागू लागला, की स्नायू तो अडथळा टाळणारी वाट शोधतात आणि ती वाट सवयीची होते. बहुतेकांना ती कायम मानवते. काहींमध्ये मात्र त्याच स्नायूंवर रोजचा जादा भार पडतो आणि गाल व कानशील ठणकू लागते.

कोणत्या ठेवणीने काय बदलते

अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वरच्या आणि खालच्या पहिल्या कायम दाढांच्या परस्परसंबंधावरून ठेवणीचे तीन वर्ग केले. ‘क्लास टू’, ‘क्लास थ्री’ असे शब्द आजही रुग्णाच्या कागदावर लिहिले जातात ते त्यातूनच आले. हे वर्गीकरण उपयुक्त आहे, पण ते तोंड मिटलेल्या, स्थिर दातांचे आहे. चावताना काय घडते, हे त्यावरून थेट कळत नाही.

चावण्याचा मार्ग सर्वांत स्पष्टपणे बदलतो तो मागच्या दाढांच्या क्रॉसबाइटमध्ये, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर बसण्याऐवजी आत बसतात तेव्हा. अशा बाजूने चावताना जबडा नेहमीप्रमाणे घासाच्या बाजूला जाऊन आत येत नाही. तो आधी उलट बाजूला झुकतो आणि आतून बाहेर येत मिटतो. मुलांमध्ये एकाच बाजूचा क्रॉसबाइट असेल, तर वरच्या दातांची कमान अरुंद असल्याने दात मिटताना जबडा एका बाजूला सरकवावा लागतो आणि हनुवटी मध्यापासून ढळलेली दिसते. मूल शांत बसले असताना आणि तोंड किंचित उघडे असताना हनुवटी मध्यावर असेल, पण दात मिटताच बाजूला जात असेल, तर पालकांनी ते सहज घेऊ नये. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या वयात वरची कमान रुंद करणे तुलनेने सोपे असते. टाळूच्या मध्यावरचा सांधा किशोरवयात हळूहळू घट्ट होत जातो, तसे ते अवघड होते. ‘सगळे दात येऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला इतर अनेक बाबतींत ठीक असला, तरी येथे तो योग्य नाही.

वरचे पुढचे दात खालच्या दातांना खोलवर झाकत असतील, तर जबड्याला बाजूला सरकायला जागा उरत नाही; चावणे दळण्याऐवजी वर-खाली कुटण्याकडे झुकते. उलट, पुढचे दात एकमेकांना टेकतच नसतील, तर पोळीचा तुकडा किंवा पेरूची फोड दाताने तोडता येत नाही आणि तोडण्याचे काम बाजूच्या दातांकडे जाते. दोन्ही प्रकारांत माणूस वर्षानुवर्षे विनातक्रार जेवत असतो, हेही तितकेच खरे आहे.

प्रौढांमध्ये मला सर्वाधिक आढळणारे कारण मात्र जन्मजात ठेवणीत नसते. ते काढून टाकलेल्या दाढेत असते. खालची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, लवकर किडते आणि पुष्कळदा विशी-तिशीत काढली जाते. ‘एका दाढेने काय बिघडते’ म्हणून रिकामी जागा तशीच राहते. पुढच्या काही वर्षांत तिच्या मागची दाढ पुढे कलते आणि वरची समोरची दाढ आधार नसल्याने खाली उतरत जाते. आता त्या बाजूने चावताना जबडा बाजूला सरकू लागला, की कललेली दाढ आणि उतरलेली दाढ एकमेकींत अडकतात. रुग्ण न कळत दुसऱ्या बाजूकडे वळतो. दहा-पंधरा वर्षांनी तो येतो ते दुसऱ्या बाजूची तक्रार घेऊन: दाढेला चीर गेली आहे, रूट कॅनाल करून बसवलेल्या कॅपचा सिरॅमिक थर पुन्हा उडाला आहे, त्या बाजूच्या गालाचा स्नायू दाबला की दुखतो. तुटलेली कॅप तेवढी बदलून दिली, तर काही काळाने तीही तुटते, कारण दोन्ही बाजूंचे काम एकच बाजू करत असते. कॅप वारंवार मोडत असलेल्या रुग्णाने दंतवैद्याला विरुद्ध बाजूही तपासायला आवर्जून सांगावे.

घरी करता येण्याजोगी तपासणी

आरशासमोर ताठ बसून तोंड सावकाश उघडावे. उघडलेल्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावली, तर उघडणे साधारणपणे पुरेसे आहे. प्रौढांत हे अंतर सहसा 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरते. उघडताना हनुवटी एका बाजूला जाऊन आवाज येताच पुन्हा मध्यावर येत असेल, तर त्या बाजूची चकती सरकून परत जागेवर येत असण्याचा संभव असतो. हनुवटी एका बाजूला जाऊन तिकडेच राहत असेल, तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल आणि पूर्वी येणारा आवाज अचानक बंद झाला असेल, तर ते बरे झाल्याचे लक्षण मानू नये. चकती अडकली असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी काही दिवसांत तपासणी झालेली बरी.

चावण्याचा मार्ग पाहण्यासाठी हनुवटीच्या मध्यावर काजळाचा बारीक ठिपका लावावा, मोबाइल समोर स्थिर ठेवून मंद गतीचे चित्रीकरण सुरू करावे आणि काकडीचा एक तुकडा फक्त उजवीकडून, नंतर तेवढाच दुसरा तुकडा फक्त डावीकडून चावावा. एका बाजूला ठिपका रुंद फेरा घेतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता वर-खाली होतो किंवा उलट दिशेने जातो, असे दिसले तर ती माहिती महत्त्वाची आहे. हे चित्रीकरण दंतवैद्याला दाखवावे, कारण खुर्चीत आडवे पडलेल्या आणि थोड्या घाबरलेल्या रुग्णाचे चावणे घरच्यासारखे नसते.

आणखी एक साधी चाचणी आहे. कापसाची घट्ट गुंडाळी दुखऱ्या बाजूच्या दाढांमध्ये ठेवून सौम्यपणे दाबावी. दुखणे कमी झाले, तर रोख सांध्याकडे जातो; वाढले, तर स्नायू किंवा एखाद्या दाताकडे. एकाच दातावर दाबताना किंवा दाब सोडताना विजेसारखी कळ येत असेल, तर त्या दाताला बारीक चीर असू शकते. ही चाचणी निदान नव्हे, दिशा दाखवणारी आहे, आणि तीव्र वेदना असताना ती करू नये.

दिवसाच्या मधल्या वेळीही स्वतःकडे लक्ष द्यावे. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर असणे हीच विश्रांतीची स्थिती आहे. संगणकावर काम करताना, दुचाकी चालवताना किंवा सुईत दोरा ओवताना दात आवळलेले सापडत असतील, तर स्नायूंच्या दुखण्याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

त्रास नेमका कधी सुरू झाला

या एका प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ वेळ वाचतो. नवीन सिमेंट भरल्यावर किंवा कॅप बसवल्यावर लगेच सुरू झाला असेल, तर ती जागा उंच राहिली असण्याची शक्यता प्रथम तपासावी. बधिरतेच्या इंजेक्शनचा अंमल असताना आणि पाठीवर झोपून केलेला ‘चावून पाहा’ हा प्रयोग विश्वासार्ह नसतो: संवेदना कमी असते आणि आडवे असताना जबडा किंचित मागे पडतो. म्हणून खुर्ची सरळ करून, ताठ बसून आणि फक्त वर-खाली न करता दोन्ही बाजूंना सरकवून तपासणी करण्याचा आग्रह रुग्णाने धरावा. बधिरता उतरल्यावर ‘हा दात आधी लागतो’ असे जाणवले, तर ‘सवय होईल’ म्हणून आठवडेच्या आठवडे थांबू नये. सवय होते ती दात टाळण्याची, आणि तीच टाळायची आहे.

कोणतेही काम झालेले नसताना चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, अचानक बदलला, तर विचाराची दिशा उलटी करावी. सांध्यात सूज आली की त्या बाजूचे मागचे दात टेकेनासे होतात. जबडा पुढे ओढणारा स्नायू आखडला, तरी तसेच होते. पडल्यावर हनुवटीला मार लागून सांध्याजवळचे हाड मोडले, तर चावा बदलणे हे त्याचे प्रमुख लक्षण असते. संधिवातात सांध्याचे हाड झिजून वरचे-खालचे पुढचे दात हळूहळू एकमेकांना टेकेनासे होऊ शकतात. या सर्व प्रसंगी आहे त्या ठेवणीप्रमाणे दात घासून जुळवले, तर सूज उतरल्यावर मूळचा चावा परत येतो आणि घासलेले दात तेवढे कायमचे कमी झालेले राहतात.

महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्यावीच लागते. सुपारी, मावा, गुटखा किंवा विदर्भातील खर्रा खाणाऱ्या व्यक्तीचे तोंड कमी उघडत असेल, तिखट लागताच आग होत असेल आणि गालाची आतली त्वचा पांढुरकी व कडक झाली असेल, तर तो दातांच्या ठेवणीचा प्रश्न नाही. सुपारीमुळे तोंडातील मऊ अस्तराखाली तंतूंचे घट्ट थर बनतात आणि या विकाराचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीचे सेवन थांबलेले नाही आणि नुसत्या सुपारीनेही हा विकार होतो. अशा रुग्णाला जबड्याचे व्यायाम सांगून परत पाठवणे अक्षम्य आहे.

वाकडी आलेली अक्कलदाढ, तिच्यावरील हिरडीची सूज आणि कानाचे विकार हीसुद्धा कानाजवळ दुखण्याची कारणे असतात. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध चाव्याची उंची, म्हणजे दात मिटल्यावर वरच्या-खालच्या जबड्यांत राहणारे अंतर, कमी होण्याशी जोडला होता. त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, पण ‘चावा दुरुस्त केला की कान बरा होतो’ ही समजूत काही प्रमाणात अजून टिकून आहे.

दवाखान्यात काय व्हावे आणि काय होऊ नये

रंगीत कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितले जाते, तेव्हा दाढेवर उमटणारे ठिपके नीट पाहण्यासारखे असतात. एका रंगाने मिटण्याचे आणि दुसऱ्या रंगाने बाजूला सरकण्याचे ठिपके घेतले, तर चावण्याच्या वाटेतील अडथळा वेगळा दिसतो. नव्या कॅपच्या मागच्या उतारावर भोवती गडद कडे आणि मध्यभागी फिकट टिंब असा ठिपका उमटला, तर तेथे दाब जास्त आहे असे मानण्यास जागा असते, कारण दाबामुळे मधला रंग बाजूला सारला जातो. मात्र ठिपका मोठा म्हणजे दाब मोठा, असे समीकरण नाही. म्हणून आठ मायक्रॉन जाडीची धातूची पातळ पट्टी दातांत धरून ती कोठे अडकते आणि कोठे सुटते, हे पाहणे आणि रुग्णाला प्रत्यक्ष काय जाणवते ते विचारणे आवश्यक आहे. नव्याने बसवलेल्या सिमेंटचा किंवा कॅपचा उंच भाग कमी करणे योग्य आणि पुरेसे असते. धडधाकट नैसर्गिक दात मात्र केवळ जबडा दुखतो म्हणून घासू देऊ नयेत. तसे सुचवले गेले, तर आधी दातांचे साचे घेऊन त्यांवर नियोजन दाखवण्याची विनंती करावी किंवा दुसरे मत घ्यावे.

जबड्याच्या बहुतेक दुखण्यांना सुरुवातीला साधे उपचार पुरतात: काही आठवडे मऊ पण दोन्ही बाजूंनी चावावे लागेल असे अन्न, दिवसातून दोन-तीन वेळा गालाला कोमट शेक, जांभई देताना हनुवटीखाली हात, आणि च्युइंगगम, ऊस, कडक सुपारी व नखे कुरतडणे पूर्ण बंद. रात्री दात खात असल्यास सर्व दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पट्टी उपयोगी पडते, पण ती मापाने बनवलेली आणि वेळोवेळी जुळवून घेतलेली असावी. फक्त पुढच्या दातांवर बसणारी किंवा गरम पाण्यात मऊ करून स्वतः बसवायची पट्टी महिनोन्महिने वापरल्यास चावाच बदलू शकतो. घोरण्यासाठी जबडा पुढे धरणारे उपकरण वापरणाऱ्यांनाही सकाळी उठल्यावर दाढा टेकत नाहीत असा अनुभव येतो. तो दिवसभर टिकू लागला, तर उपकरण देणाऱ्या तज्ज्ञाला कळवावे. वेदनारहित कटकट आवाजाला सहसा उपचाराची गरज नसते.

तारा लावण्याचा निर्णय दुखणे थांबवण्यासाठी घेऊ नये. चावणे, स्वच्छता आणि दिसणे यांसाठी घ्यावा आणि तो दुखणे शांत झाल्यावर घ्यावा, कारण सुजलेल्या सांध्यावर घेतलेली मापे फसवी असतात. रिकाम्या जागेबाबत मात्र चालढकल नको. तेथे इम्प्लांट किंवा ब्रिज बसवण्याआधी खाली उतरलेली वरची दाढ आणि कललेली मागची दाढ यांची सोय लावावी लागते. काही ठिकाणी वरची दाढ थोडी कमी करून किंवा वर सरकवून, काही ठिकाणी कललेली दाढ तारांनी उभी करून. हे टाळून उपलब्ध फटीत नवा दात कसाबसा बसवला, तर जुना अडथळा तसाच राहतो आणि रुग्ण नवा दात तोंडात असूनही दुसऱ्या बाजूनेच चावत राहतो. नवा दात बसल्यावर आठवडाभराने आणि पुन्हा महिन्याभराने काजळाच्या ठिपक्याचे चित्रीकरण करून जुन्या चित्रीकरणाशी ताडून पाहावे. अडथळा गेल्यावरही स्नायूंची जुनी वाट लगेच सुटत नाही, म्हणून या काळात रोजच्या जेवणातील पहिले काही घास जाणीवपूर्वक नव्या बाजूने चावावेत आणि महिन्यानंतरही ठिपका तिकडे वळत नसेल, तर त्या बाजूचे ठिपके रंगीत कागदावर पुन्हा तपासून घ्यावेत.